संगणकाचा मेंदू बदलावा काय?

(द्वितीय वर्ष, कला)

संगणक हळू चालू लागला की पहिला दोष जातो तो त्याच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. वर्गात एखादा मुलगा मागे पडला की ‘डोक्याने कमी आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो सकाळी उपाशीपोटी येतो काय, त्याला फळ्यावरचे दिसते काय, घरी अभ्यासाला जागा आहे काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मुलगा नसून यंत्र आहे, आणि प्रश्न अगदी साधा आहे: घरातील जुन्या डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर बदलावा की बदलू नये?

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवीचे काय कारण, असे कोणी विचारील. कारण असे की, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असे एखादे जुने यंत्र आहे. ते घेताना घरातील कोणीतरी पोटाला चिमटा घेतलेला आहे. त्यात आणखी चार-सहा हजार रुपये घालावेत की नाही, हा प्रश्न कधी ना कधी त्या घरात उभा राहतोच. हा विचार विज्ञान शाखेच्या मित्रांवर सोपवून आपली सुटका होणार नाही. पैसा आपला आहे, तेव्हा विचारही आपणच केला पाहिजे.

माझेच उदाहरण घेतो. मी पारोळा तालुक्यातील एका खेड्यातून येतो. घरी तीन एकर शेती, त्यात कापूस आणि ज्वारी, आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारी एक विहीर. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. माझ्याजवळचा संगणक बंद पडलेल्या एका इंटरनेट कॅफेतून जुना घेतलेला आहे. त्यात इंटेल कंपनीचा ‘कोअर आय-थ्री २१२०’ हा प्रोसेसर आहे. तो २०११ साली बाजारात आलेला, दोन कोअरचा, ३.३ गिगाहर्ट्झ गतीचा आहे. मेमरी ४ जीबी आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, असा एकंदर संसार आहे.

या यंत्रावर मी इतरांच्या प्रकल्पांचे टंकलेखन करून देतो आणि गावातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. गेली दोन वर्षे आणखीही एक काम चालू आहे. आमच्या गल्लीतील म्हाताऱ्या बाया, त्यांत माझी आजीही आली, जात्यावरच्या ओव्या आणि कानबाईची गाणी अहिराणीत म्हणतात. ती मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतो, संगणकावर उतरवतो, आवाजातील खरखर काढतो आणि शब्द लिहून घेतो. आतापर्यंत सुमारे चाळीस तासांचे मुद्रण जमले आहे. टंकलेखनाच्या मिळकतीतून सहा हजार रुपये शिल्लक पडले आहेत. संगणक सुरू व्हायला चहा उकळून, गाळून, पिऊन होईल एवढा वेळ लागतो. अशा परिस्थितीत मित्रांचा सल्ला एकच: प्रोसेसर बदल!

हा सल्ला पोकळ नाही. माझ्या मदरबोर्डवर प्रोसेसरची जी बैठक आहे, तिला ‘एलजीए ११५५’ असे नाव आहे. त्याच बैठकीवर २०१२ सालचे ‘आय-फाईव्ह ३४७०’ किंवा ‘आय-सेव्हन ३७७०’ हे चार कोअरचे प्रोसेसर बसू शकतात. नव्याने ते आता कोणी बनवीत नाही, पण जळगावच्या गोलाणी मार्केटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जुन्या मालात असे प्रोसेसर मिळतात. दोन कोअरच्या जागी चार कोअर! मेंदू दुप्पट, तर काम निम्म्या वेळात, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब मित्र मांडतात. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

तपासण्यासाठी कोणतेही अवजार विकत घ्यावे लागत नाही. विंडोज प्रणालीत ‘टास्क मॅनेजर’ नावाची एक खिडकी आहे. तीत प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावर त्या त्या क्षणी किती टक्के भार आहे, हे दिसत असते. यंत्र सुस्तावले की मी ती खिडकी उघडून आकडे वहीत टिपत गेलो. आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी चित्र एकच होते. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर, मेमरी नव्वदच्या घरात, आणि डिस्क पूर्ण शंभरावर. याचा अर्थ काय? ज्याच्यावर आळसाचा आरोप होता, तो मेंदू तीन हिस्से वेळ हात बांधून बसला होता. डिस्कवरून माहिती येण्याची तो वाट पाहत होता. आपली म्हण आहे ना, ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’!

ही गोष्ट मी आप्पांना सांगितली. त्यांनी संगणकाला आजवर हात लावलेला नाही, पण त्यांना ती एका क्षणात कळली. ते म्हणाले, “झरा तोच असेल, तर तीनची मोटार काढून पाचची बसवल्याने काय होणार? विहीर लवकर आटेल, एवढेच.” उन्हाळ्यात आमची मोटार अर्धा तास चालते आणि पाणी साचण्यासाठी तीन-चार तास थांबावे लागते. त्या थांबण्याचा दोष मोटारीला देणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. मग आपण शिकलेली मुलेच असा दोष का देतो?

या थांबण्याचा आकडाही काढता येतो. डेस्कटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती माहिती तबकडीच्या ज्या भागावर असेल, तो भाग वाचणाऱ्या काट्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. काटा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे ८ मिलिसेकंद. असे एकूण १२ मिलिसेकंद झाले. आपल्याला ते डोळ्याची पापणी लवण्याहून कमी वाटतात. पण ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३३० कोटी ठोके देतो. म्हणजे एका तुकड्यासाठी डिस्क जेवढा वेळ घेते, तेवढ्यात प्रोसेसरचे जवळपास ४ कोटी ठोके निघून जातात. एसएसडी नावाच्या नव्या साठवणुकीत फिरणारी तबकडीच नसते, त्यामुळे हीच वाट शंभर पटींहूनही कमी होते.

१९६७ साली जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने या बाबतीत एक नियम मांडला. तो त्याच्या नावानेच ओळखला जातो. एखाद्या कामाचा जेवढा हिस्सा तुम्ही वेगवान कराल, तेवढ्याच हिश्श्यात बचत होईल, बाकीचा हिस्सा होता तसाच राहील, असे त्याचे सार आहे. समजा, एखादे काम ६० सेकंदांचे आहे. त्यांतील ४५ सेकंद डिस्कची वाट पाहण्यात आणि १५ सेकंद प्रोसेसरच्या विचारात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा केला, तर १५ चे साडेसात होतील आणि एकूण काम साडेबावन्न सेकंदांत होईल. म्हणजे मेंदू दुप्पट करून वेळ वाचला तो केवळ साडेबारा टक्के. उलट प्रोसेसर तोच ठेवून डिस्कचा वेळ एक-पंचमांश केला, तर ४५ चे ९ होतील आणि काम २४ सेकंदांत उरकेल. त्रैराशिक चुकीचे नव्हते, ते चुकीच्या जागी लावले होते.

येथे कोणी म्हणेल, पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर म्हणजे अगदीच गचाळ असणार. तेही खरे नाही. १९७१ साली इंटेलने ‘४००४’ हा पहिला मायक्रोप्रोसेसर विक्रीस काढला, तेव्हा त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. माझ्या ‘टाकाऊ’ प्रोसेसरमध्ये सुमारे ५० कोटी आहेत. शिवाय ठोक्यांची गती दर दोन-चार वर्षांनी दुप्पट होण्याचा काळ २००४ च्या सुमारासच संपला. त्या वर्षी ‘पेंटियम ४’ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत उष्णतेच्या अडचणींमुळे इंटेलला सोडून द्यावा लागला. त्यानंतरची वाढ मुख्यतः दोन मार्गांनी झाली: कोअरची संख्या वाढली, आणि एका ठोक्यात होणारे काम वाढले. नवे प्रोसेसर निःसंशय कितीतरी सरस आहेत. पण मराठी टंकलेखन करणे, अर्ज भरणे आणि गाणे ऐकत शब्द लिहून घेणे या कामांना जेवढी बुद्धी लागते, तेवढी या जुन्या मेंदूत पुरेपूर आहे. आवाजातील खरखर काढण्याचे काम मात्र खरोखर प्रोसेसरचे आहे, हे मी मान्य करतो. परंतु मी जो कार्यक्रम वापरतो, त्यातील बहुतेक क्रिया एकाच कोअरवर चालतात. तेथे दोनाचे चार कोअर झाले तरी जास्तीचे दोघे नुसतेच बांधावर बसून राहतील.

आता दुसरा मुद्दा, बैठकीचा. प्रोसेसर हा काही सदऱ्याचे बटण नव्हे की कोणताही कोठेही लावावा. इंटेलच्या बैठका साधारणपणे दोन पिढ्यांपुरत्याच टिकत आल्या आहेत. ‘११५५’ वर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. २०१३ साली चौथी पिढी आली आणि तिच्यासोबत बैठकही बदलली. तेव्हा माझ्या यंत्राचा मेंदू मी कितीही बदलला, तरी २०१२ च्या पुढे मी जाऊच शकत नाही. जुन्याऐवजी थोडे कमी जुने, एवढीच ती मजल. याउलट एएमडी कंपनीच्या ‘एएम-फोर’ बैठकीची गोष्ट आहे. २०१७ साली घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, २०२० साली आलेले ‘रायझन ५०००’ मालिकेतील प्रोसेसर चालतात. ज्याच्याजवळ असे यंत्र आहे आणि ज्याचे काम प्रोसेसरला खरोखर घाम फोडणारे आहे, त्याने तो बदल अवश्य करावा. थोड्या पैशांत त्याच्या यंत्राचे आयुष्य खरोखर वाढेल. तात्पर्य, ‘बदलावा काय?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. यंत्र कोणते आणि काम कोणते, हे पाहूनच ते द्यावे लागते.

पिढीचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापर करणाऱ्यांना सुरक्षेपुरती वाढीव मुदत मिळाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची प्रणाली ‘विंडोज ११’. तिच्या अधिकृत अटींत ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, असे म्हटले आहे. मी माझ्या घरातला पहिल्या पिढीचा विद्यार्थी, माझा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा, आणि प्रवेशाची अट आठव्या पिढीची! पात्रता कामावरून न ठरता पिढीवरून ठरावी, हा अनुभव माझ्यासारख्यांना अगदीच नवा नाही. या अटींमागे सुरक्षेची काही कारणे आहेत, आणि ती खोटी नाहीत. पण त्यांचा परिणाम काय होतो, तेही पाहिले पाहिजे. या निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज ‘कॅनालिस’ या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. त्यांतील सगळेच काही मेलेले नव्हते. हिंडत्या-फिरत्या माणसाचा मृत्यूचा दाखला काढावा, तसाच हा प्रकार झाला.

हाच मुद्दा आपल्या प्रश्नालाही लागू पडतो. ‘प्रोसेसर बदल, म्हणजे विंडोज ११ चालेल’ असे पुष्कळ जण सांगतात. ‘११५५’ च्या बैठकीवर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतच नाही, तेव्हा ही आशा व्यर्थ आहे. त्या अटींत बसायचे तर मदरबोर्ड, मेमरी, प्रोसेसर असे सगळेच नवे घ्यावे लागेल. घराचा उंबरठा तेवढा जुना ठेवून घर नवे बांधण्यासारखे ते होईल. सहा हजारांत ते होणे नाही. दुसरा मार्ग लिनक्सचा आहे. ‘लिनक्स मिंट’सारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रावरही बऱ्या चालतात. त्यांत युनिकोड मराठी उत्तम लिहिता येते. आपल्या सी-डॅक संस्थेनेही भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. सवय बदलावी लागेल, हे खरे. पण सवय बदलण्याला पैसे पडत नाहीत.

तिसरा मुद्दा धोक्याचा आहे, आणि तो आपल्या खान्देशाशी निगडित आहे. ‘११५५’ बैठकीत मदरबोर्डच्या बाजूला १,१५५ बारीक स्पर्शतारा असतात. त्यांतील एखादी जरी वाकली, तरी मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा, तर माझ्यासारख्या जुन्या बोर्डावर आधी बायोस अद्ययावत करावे लागते. त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली, तर बोर्ड पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. आपल्या खेड्यांतील विजेचा भरवसा मी वाचकांना नव्याने सांगायला नको. वीज तर सोडाच, ऊनही आहे. जळगाव-भुसावळकडचा वैशाख ४५ अंशांच्या घरात जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा थंड हवा तो कोठून आणणार? पत्र्याच्या खोलीत ६५ वॅटच्या जागी ७७ वॅटचा प्रोसेसर बसवायचा, तर आधी पंख्यात अडकलेली कापसाची धूळ काढावी आणि वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलावी. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. तेव्हा नुसती धूळ झाडूनही पुष्कळदा हरवलेला वेग परत मिळतो. झाडूला भाव नाही, म्हणून त्याचा सल्ला कोणी देत नाही, इतकेच.

येथवर वाचून ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांचा मी पक्षपाती आहे, असा कोणाचा समज होईल. तो तसा नाही. माझी आजी म्हणते, “चाली राहिनं ना ते? मंग बदलनं कशाले?” तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. नुसते ‘चालते’ हे पुरेसे नसते. ज्या मुलाला दिवसातून दोनच तास वीज आणि संगणक मिळतो, त्याची त्यांतली पंधरा मिनिटे यंत्र सुरू होण्यात गेली, तर ती त्याच्या आयुष्यातून गेली. गरिबाचा वेळ फुकटचा असतो, ही समजूत श्रीमंतांनी पसरवली आणि आपण ती खरी मानून बसलो. बदल हवाच, पण तो जेथे अडले आहे तेथे हवा.

या बाबतीत आपल्या शेजारच्या अमळनेरचे उदाहरण उद्बोधक आहे. १९४५ साली तेथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तेलाची कंपनी स्थापन झाली. १९६६ साली अझीम प्रेमजी यांनी एकविसाव्या वर्षी तिची सूत्रे हाती घेतली. १९७७-७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून गेली. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी हेरून ही तेलाची कंपनी १९८० च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात उतरली. तीच आजची विप्रो. खान्देशातील तेलाच्या कारखान्यातून संगणक कंपनी उभी राहते, तेव्हा संगणक आपल्याला परका आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. पण येथे लक्षात घेण्याजोगे आहे ते हे की, नवा धंदा सुरू करताना त्यांनी तेला-साबणाचा धंदा मोडीत काढला नाही. जे चालत होते ते चालू ठेवले, आणि जेथे जागा रिकामी होती तेथे भांडवल घातले. याला म्हणतात विचारपूर्वक बदल.

मग माझ्या सहा हजारांनी कोणती रिकामी जागा भरावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला प्रोसेसरपेक्षा एक वेगळीच गोष्ट अस्वस्थ करू लागली. आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या त्या चाळीस तासांच्या मुद्रणाची एकच प्रत आहे, आणि ती त्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. ज्या बायांचा तो आवाज आहे, त्यांतील दोघी आज हयात नाहीत. प्रोसेसर जळाला तर बाजारात दुसरा मिळेल. ती तबकडी बंद पडली, तर तो आवाज कोणत्या मार्केटात मिळणार?

आपल्या प्रदेशाला हे शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले, ते कशामुळे? त्यांचे पुत्र सोपानदेव आदी घरच्या मंडळींनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत राहिले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांची लेखणी कोणत्या बनावटीची होती, हे आज कोणी विचारीत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभारण्यास हात दिला. त्या काळातले संगणक माझ्या ‘टाकाऊ’ यंत्रासमोर बाहुल्यांच्या भातुकलीसारखे होते. यंत्र दुबळे असल्यामुळे ते काम अडले नाही. माणसे गावात गेलीच नसती, तर मात्र ते झालेच नसते.

आणि अहिराणीची गरज काय लहान आहे? २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खान्देशी म्हणून नोंदली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य अहिराणी बोलणारे आहेत. एवढ्या लोकांची बोली, पण तिच्या जुन्या गाण्यांची कपाटे अजून म्हाताऱ्या बायांच्या गळ्यातच आहेत. ही कपाटे एकेक करून बंद होत चालली आहेत. आपण मात्र दुसरा कोअर की चौथा कोअर याचा वाद घालीत आहोत!

तेव्हा माझा निर्णय असा: प्रोसेसर बदलायचा नाही. सहा हजारांतून एक लहान एसएसडी घ्यायची. माझ्या बोर्डाची साटा जोडणी जुनी असल्याने एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, पण तबकडीची वाट पाहणे संपेल, आणि खरे दुखणे तेच होते. जुन्या बाजारातून डीडीआर-थ्री मेमरीची आणखी ४ जीबीची पट्टी घ्यायची. पंख्याची धूळ काढून नवी पेस्ट लावायची. उरलेल्या पैशांत ६४ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह. एका तासाचे, एका वाहिनीचे, न दाबलेले मुद्रण सुमारे ३१८ एमबी जागा घेते. म्हणजे चाळीस तास तेरा जीबीच्या आत मावतात, आणि पुढच्या शंभर तासांनाही जागा उरते. एक पेन ड्राइव्ह घरी राहील, दुसरा धुळ्याला मावशीकडे. एक घर जळो वा बुडो, दुसऱ्या घरी आवाज राहील. जुनी हार्ड डिस्क तिसरी प्रत म्हणून आहेच.

वाचकांनी माझा निर्णय जसाच्या तसा उचलू नये. ज्याला चित्रफितींचे संपादन करायचे आहे, ज्याच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभरावर आणि बाकीचे स्वस्थ दिसतात, आणि ज्याच्या बैठकीवर मोठी झेप घेणारा प्रोसेसर बसतो, त्याने खुशाल प्रोसेसर बदलावा. पण पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. काम नेमके कोठे अडते? माझी बैठक मला कोठवर जाऊ देते? आणि ज्या कामासाठी हा खटाटोप आहे, त्या कामाला आज सर्वांत जास्त कशाची गरज आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्र देते. तिसऱ्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही, दुकानदारही देऊ शकत नाही.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. महाविद्यालयांच्या संगणककक्षातून दर काही वर्षांनी जुनी यंत्रे बाद होतात आणि भंगाराच्या भावाने जातात. त्यांतील चार यंत्रे आपल्या महाविद्यालयाने राखून ठेवावीत. त्यांना एसएसडी आणि लिनक्स बसवावे आणि ती ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात मांडावीत. खान्देशातील प्रत्येक तालुक्याचा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात आहे. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावातील एका म्हाताऱ्या माणसाचे तासभर बोलणे किंवा गाणे आणून तेथे ठेवायचे ठरवले, तर एका वर्षात उभा राहणारा संग्रह कोणत्याही नव्या प्रोसेसरने निर्माण होणारा नाही. त्यासाठी लागणारा मेंदू आपल्याजवळ आहे. तो बदलण्याची नव्हे, कामाला लावण्याची गरज आहे. आणि हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत टाळू नये, कारण ती माणसे आपली वाट पाहत थांबणार नाहीत.